ऑपरेशन क्रीक

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह (एसओई) या गुप्त घातपाती संघटनेने पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरात 9 मार्च 1943 च्या पहाटेपूर्वी केलेला छापा. जर्मन मालवाहू जहाज ‘एहरेनफेल्स’ पळवून नेणे, ते न जमल्यास बुडवणे, हा त्याचा उद्देश होता.

1939 मध्ये युद्ध सुरू होताच ‘एहरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘ड्राखेनफेल्स’ ही जर्मन जहाजे मुरगावात आश्रयाला आली. इटालियन ‘आन्फोरा’ही तेथेच अडकून पडले. पोर्तुगाल तटस्थ असल्याने या जहाजांना ब्रिटिश आरमार उघडपणे हात लावू शकत नव्हते. ‘एहरेनफेल्स’ वेगवान होते. त्याच्याच जातीच्या ‘गोल्डनफेल्स’चे ‘अटलांटिस’ हे व्यापारी जहाजांची शिकार करणारे युद्धजहाज झाल्याचा अनुभव ताजा होता. शिवाय या जहाजावरील बिनतारी यंत्रातून दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवला जातो, असा एसओईचा संशय होता.

सैनिक पाठवावेत, तर ते पकडले गेल्यास तटस्थतेच्या भंगाचे खापर थेट ब्रिटनवर फुटणार. अझोर्स बेटांवरील तळांसाठी लंडनला पोर्तुगालची मर्जी हवी होती, तेव्हा हे परवडणारे नव्हते. म्हणून एसओईचा अधिकारी लुईस प्यू याने कलकत्त्यातील हौशी, अर्धवेळ पलटणींकडे मोर्चा वळवला. ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ यांमध्ये तेथील इंग्रज व्यापारी, कचेऱ्यांतले साहेब अशांचा भरणा होता. बरेच जण चाळिशी ओलांडलेले, क्लबात रमणारे. लाइट हॉर्स पलटणीची शेवटची लढाई बोअर युद्धातली. कर्नल बिल ग्राइस हा त्यांचा म्होरक्या. अशा अठरा जणांना निवडून रेल्वेने कोचीनला पाठवले. त्यांच्यासाठी ‘फीबी’ ही गाळ वाहून नेणारी जुनी बार्ज कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून तेथे आली. आरमारी छाप्याला इतके गबाळे वाहन क्वचितच मिळाले असेल. पण बंदरात शिरणाऱ्या गाळाच्या बार्जकडे लक्ष कोण देणार?

10 मार्चला राखेचा बुधवार होता, म्हणजे छाप्याचा मुहूर्त नेमका कार्निव्हालच्या (गोव्यातल्या इंत्रूजच्या) अखेरीवर पडला. बरेच खलाशी किनाऱ्यावर मौजमजेत होते. त्यासाठी ब्रिटिश हस्तकाने पैसे चारल्याचे लेखक जेम्स लीझर सांगतो. ‘फीबी’ बाजूला लागताच शिड्या टाकून मंडळी ‘एहरेनफेल्स’वर चढली. झटापटीत कप्तान र्‍योफर याच्यासह काही जर्मन ठार झाले; हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही. जहाज मात्र हाती लागले नाही. खलाशांनी आधीच तयारी ठेवली होती. तळाच्या झडपा उघडून आणि आग लावून त्यांनीच ते बुडवले. ज्वाळा पाहून उरलेल्या तीन जहाजांच्या खलाशांनीही तोच मार्ग धरला. छापा एका जहाजावर, बुडाली चार! यशाचा मोठा वाटा शत्रूच्याच घाईला जातो. पोर्तुगीजांनी खलाशांना स्थानबद्ध केले. ब्रिटिश मात्र नामानिराळे राहिले.

या छाप्यामुळे हिंदी महासागरातील जहाजांची हानी एकदम घटली, हा लोकप्रिय दावा सावधपणे घ्यायला हवा. मार्च 1943 मध्ये या महासागरातील जर्मन पाणबुड्यांची शिकार मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चालली होती. ‘मोन्सून’ गटातील पाणबुड्या अरबी समुद्रात आल्या त्या वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे ‘एहरेनफेल्स’ बुडाल्यानंतर. बिनतारी यंत्र गप्प झाले, हा फायदा खरा धरला तरी त्याचे मोजमाप आकड्यांतून निघत नाही. मुरगावात अडकलेले एक वेगवान जहाज शत्रूच्या हातून कायमचे गेले, एवढे निश्चित.

गुप्ततेमुळे सहभागी मंडळींना पदके मिळाली नाहीत, आणि 1947 मध्ये लाइट हॉर्स पलटण बरखास्त झाली. 1978 मध्ये लीझरच्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकाने प्रकरण सर्वतोमुखी झाले. त्यावरून 1980 मध्ये ‘द सी वुल्व्ह्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन त्यात होते, आणि चित्रीकरण गोव्यातच झाले.