दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग

दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांना जोडणारा विनाथांबा मार्ग. बृहद्वृत्तावरील (पृथ्वीपृष्ठावरील सर्वांत जवळच्या मार्गावरील) अंतर सु. 12,380 किमी. ही रेषा दिल्लीहून जवळजवळ उत्तरेला निघून सु. 75° उत्तर अक्षांशापर्यंत चढते व आर्क्टिक ओलांडते. प्रत्यक्ष उड्डाणे मात्र तिच्यापासून बरीच दूर राहतात. केबिनमधील हवेचा दाब गेल्यास विमान तातडीने सु. 10,000 फुटांवर आणावे लागते. या रेषेखालील तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे, म्हणून ते टाळले जाते.

सेवा : एअर इंडियाने 2 डिसेंबर 2015 रोजी बोइंग 777-200 एलआर विमानाने सुरू केली.

मार्गबदल व प्रवासकाळ : आरंभी विमाने अटलांटिकवरून, सु. 13,900 किमीच्या मार्गाने जात. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येई. ऑक्टोबर 2016 मध्ये जाण्याचा मार्ग पूर्वेकडे वळवून बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान व पॅसिफिक असा करण्यात आला. अंतर सु. 1,400 किमीने वाढून 15,300 किमी झाले, तरी विमान साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले. सरासरी वेग ताशी सु. 1,055 किमी पडतो. स्थिर हवेत या विमानाचा नेहमीचा वेग ताशी 900 किमीच्या आत असतो. वरची भर झोतवाऱ्याची (उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याची). पृथ्वी फिरत असल्यामुळे वेळ वाचला, असे तेव्हा वृत्तपत्रांतून छापून आले. ते चूक आहे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. विमानाला पुढे नेतो तो वारा. म्हणूनच लांब पल्ल्याच्या उड्डाणात किलोमीटरपेक्षा त्या दिवसाचा वारा निर्णायक ठरतो आणि हिवाळ्यात, झोतवारे जोरात असताना, हा फरक अधिक जाणवतो. परतीचे विमान अटलांटिकवरूनच येई, त्यामुळे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा होई.

हे उड्डाण जगातील सर्वांत लांब ठरले, ते कापलेले अंतर धरल्यास; बृहद्वृत्तीय अंतराने त्या वेळी दुबई–ऑकलंड मार्ग पुढे होता.

कालभेद : 13½ तास, अमेरिकी उन्हाळी वेळेत 12½.

मगदान प्रसंग : 6 जून 2023 रोजी इंजिनातील बिघाडामुळे 216 प्रवासी व 16 कर्मचारी असलेले विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. गावात हॉटेले अपुरी असल्याने अनेकांची सोय वसतिगृहांत व शाळेत झाली. जमिनीवर गाद्या अंथरल्या गेल्या. मुंबईहून दुसरे विमान पाठवून प्रवाशांना 8 जूनला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचवण्यात आले. युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे. एअर इंडियाला ते खुले राहिल्याने हे विमान त्या बाजूने जात होते.

पाकिस्तानी हवाई हद्द : एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना बंद, परिणामी पश्चिमेकडील उड्डाणे लांबली.

मुंबई : सॅन फ्रान्सिस्कोला थेट सेवा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली.