माणदेशातील बैल, स्वस्त औषध आणि गिधाडांचे मूत्रपिंड

साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी-जत हा पट्टा पर्जन्यछायेचा. पावसावर भरवसा नाही, म्हणून येथील शेतकऱ्याचे खरे भांडवल गोठ्यात उभे असे: खिलार बैल. पुसेगाव आणि खरसुंडी येथील यात्रांत भरणारे जनावरांचे बाजार आजही त्याची साक्ष देतात. 🧵

जनावरे पुष्कळ, म्हणून मरणारीही पुष्कळ. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम वतनव्यवस्थेने महारांवर लादले होते. १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच इतिहास होता. कातडे काढल्यानंतर जे उरे, त्याचा निकाल मात्र गिधाडे लावीत. थवा उतरला की काही वेळात केवळ हाडे शिल्लक राहत.

१९९० च्या दशकात हे थवे विरळ होऊ लागले. कोणी आधी फारसे लक्ष दिले नाही. गिधाडासाठी हळहळणार कोण? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूर येथे ही घट नोंदवली. पुढील गणनांनुसार १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. संशय आधी कीटकनाशकांवर गेला, मग एखाद्या विषाणूवर.

उत्तर पाकिस्तानात सापडले. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मृत गिधाडांचे विच्छेदन केले, तेव्हा यकृत, हृदय आदी अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता. सस्तन प्राणी नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य युरियाच्या रूपाने टाकतात, पक्षी युरिक आम्लाच्या रूपाने. मूत्रपिंड बंद पडले की ते रक्तात साठते आणि अवयवांवर स्फटिकरूपाने बसते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दोषी ठरवले डायक्लोफेनॅक: लंगडणाऱ्या, सुजलेल्या जनावराला दिले जाणारे स्वस्त वेदनाशामक.

येथे एक उलटा क्रम ध्यानात घ्यावा. रक्तदाबासाठी दिले जाणारे ॲटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड निकामी असेल तर ते शरीरात साचते आणि नेहमीच्याच मात्रेने नाडी अतिमंद होऊ शकते. तेथे आजारी मूत्रपिंड औषधाला अडवते. गिधाडात औषधच आधी मूत्रपिंडाचा घात करते.

मात्राही किती? शरीराच्या किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढी मात्रा पांढऱ्या पाठीच्या निम्म्या गिधाडांना मारण्यास पुरते. अमेरिकेतील टर्की गिधाडाने मात्र याच्या शंभरपटीहून अधिक मात्रा पचवली. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत बैल मेला, तर त्याच्या मांसात औषध उरलेले असे, आणि एका मढ्यावर डझनावारी गिधाडे जेवत. म्हणूनच शंभरांतील एकाहून कमी मढी विषारी असली तरी ही पडझड घडू शकते, असे गणित मांडले गेले.

शेतकऱ्याचा यात दोष कोणता? आयुष्यभर नांगर ओढलेल्या जनावराच्या वेदना कमी कराव्यात, इतकाच त्याचा हेतू.

२००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. खिलार बैलाला तेवढ्याने काही होत नाही. अनेक कुप्या फोडाव्या लागतात, खर्च वाढतो. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांचाही जनावरांसाठीचा वापर बंद झाला. डायक्लोफेनॅकवरील पहिल्या बंदीनंतर तोवर सतरा वर्षे लोटली होती.