आधी विचारा, पण कोणाला?

परवा कपाट आवरताना एक जुना फोटो सापडला. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, आम्ही ऑफिसातले सहा जण, मध्ये हार घातलेला पाण्याचा फिल्टर आणि मागे रांगेत बसवलेली पोरं. वर्गणी काढून घेतला होता तो फिल्टर. वर्षभराने सहज त्या बाजूला गेलो, तर फिल्टर कपाटात, कुलूप लावून. गुरुजी ओशाळून म्हणाले, "साहेब, इथे पाणीच टँकरने येतं. रोज फिल्टर भरायला पाणी आणायचं कुठून?"

गुरुजींचा राग नाही आला. स्वतःचाच आला. आम्ही विचारलंच नव्हतं ना!

आत्याला हे सांगितलं. तिचं सगळं आयुष्य नगर जिल्ह्यात गेलेलं. ती एवढंच म्हणाली, "आरोळे डॉक्टरांचं वाच."

वाचलं. आणि तेव्हापासून ती माणसं डोक्यातून जात नाहीत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1960 च्या दशकात नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की, बरा करून पाठवलेला रोगी थोड्या दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत दारात उभा राहतो. दुखणं हॉस्पिटलात बरं होत होतं, पण तयार होत होतं गावात. मग दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि 1970 साली जामखेड गाठलं. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत.

आले होते आरोग्याचं काम करायला. पण लोकांना विचारलं, तर आरोग्याचं नावच कोणी काढेना. लोक म्हणत होते अन्न आणि पाणी. दुष्काळाची ती वर्षं, 1972 चा दुष्काळ आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात. डॉक्टरांनी औषधाची पेटी बाजूला ठेवली आणि पोरांच्या जेवणाचं आणि बोअरचं काम हाती घेतलं. मला हे फार मोठं वाटतं. आपण जे द्यायला आलो, ते लोकांना आत्ता नकोय, हे पचवणं सोपं नसतं.

दुसरा धडाही असाच. शिकलेल्या नर्सबाईंना गावोगाव ठेवायचं, असा आधीचा बेत होता. तो फसला. परक्या गावात एकटीने राहणं त्या बाईला अवघड आणि बाहेरून आलेल्या बाईचं ऐकणं गावाला अवघड. तेव्हा ठरलं की बाई गावातलीच हवी, गावानेच निवडलेली. अशा ज्या बाया आल्या, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, बऱ्याच दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि गावात परत जाऊन तेच दुसऱ्यांना शिकवायच्या. बाळंतपण, पोरांची हगवण, लसी, कुष्ठरोग, क्षय. डॉक्टरांनी आपली विद्याच त्यांच्या हाती दिली. गावातलीच बाई गावाच्या आरोग्यासाठी, हा विचार पुढे 2005 पासून आशाताईंच्या रूपाने देशभर दिसला.

आता हातपंपाची गोष्ट. गावात बोअर घ्यायची, तर कुठे? आरोळ्यांनी जागा धरली ती दलित वस्तीतली. ज्यांना विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांच्या दाराशी पाणी आलं, आणि बाकीच्या गावाला पाणी हवं तर तिथेच घागर घेऊन यावं लागलं. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान लागली की माणूस चालत जातोच.

मी इथे बराच वेळ अडकलो. कारण तोवर मला वाटत होतं की आमची चूक 'विचारलं नाही' एवढीच. पण समजा, बोअर कुठे घ्यायची हे 'गावाला' विचारलं असतं, तर उत्तर कोणी दिलं असतं? चावडीवर बसतात त्यांनीच. गाव असं एकजिनसी नसतंच. संस्था म्हणते, "आम्ही लोकांशी बोललो", तेव्हा ती बहुतेक वेळा खुर्ची पुढे करणाऱ्याशीच बोललेली असते. आम्हीही विचारलं असतं, तर गुरुजींना आणि सरपंचांना, चहा पीत.

जामखेडच्या कामाचं काय झालं, ते आकडेच सांगतात. 1971 मध्ये त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे 176 मुलं वर्षाच्या आत दगावत होती. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. काम मात्र थांबलं नाही, कारण ते फक्त त्या दोघांच्या हातात राहिलंच नव्हतं.

असो. आमची वर्गणी अजून निघते. यंदा पैसे गोळा करण्याआधी आम्ही दोघे त्याच गावात नुसते जाऊन बसलो. हार नाही, फोटो नाही. टँकर आल्यावर सगळ्यात शेवटी कोणाची घागर भरते, एवढंच बघत होतो.

ती बाई ओढ्यापलीकडच्या वस्तीतून आली होती. फिल्टर द्यायला गेलो होतो त्या दिवशी ती वस्ती आम्हाला दिसलीसुद्धा नव्हती.