परसोजी भोसल्यांचे वेडेपण आणि चांद्याची जहागीर

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात चांदा हा धाकट्या पातीचा मुलूख होता. दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी यांच्याकडे चांदा आणि छत्तीसगड होते. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वाटले गेलेले जंगल, त्यातले गोंड जमीनदार आणि गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा परकोट हे सगळे त्यांच्या अमलाखाली येई. व्यंकोजी १८११ मध्ये काशीला वारले आणि जहागीर त्यांचे पुत्र मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्याकडे आली. चुलत्या-पुतण्याचे पटत नव्हते. पण रघूजींना एकच मुलगा होता आणि त्याच्यानंतर गादीला सर्वांत जवळचे आप्पासाहेबच होते.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले आणि त्यांचे पुत्र परसोजी गादीवर बसले. त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते, म्हणजे अज्ञान वारसाचा प्रश्न नव्हता. मात्र ते आंधळे होते आणि पक्षाघाताने त्यांचे शरीर अधू झाले होते. इंग्रज इतिहासकार यापुढे आणखी एक गोष्ट लिहितात: गादीवर बसल्यावर थोड्याच काळात त्यांची बुद्धीही पार गेली. शेवटचा शेरा नीट तपासायला हवा. डोळे नसणे आणि हात-पाय लुळे असणे पाहणाऱ्याला दिसते. बुद्धी गेली आहे हे मात्र बोलून, विचारून, पुन्हा पुन्हा भेटूनच ठरवावे लागते. पक्षाघाताने जीभ जड झालेला माणूस शहाणा असूनही खुळा वाटू शकतो, आणि दरबारात त्याला भेटू कोणाला द्यायचे हे तर दुसरेच ठरवीत होते.

त्या दरबारात दोन पक्ष होते. रघूजींची राणी बाकाबाई आणि खजिना सांभाळणारे धर्माजी भोसले एका बाजूला होते, आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. परसोजी ज्याच्या ताब्यात, राज्य त्याच्या हातात, हे दोघेही ओळखून होते. एप्रिलमध्ये आप्पासाहेबांनी धर्माजींना कैद केले आणि कारभार आपल्याकडे घेतला. धर्माजी पुढे कैदेतच मारले गेले. राजाच्या असमर्थतेबद्दल मात्र दोन पक्षांत वाद दिसत नाही. राजाच्या नावाने कारभार कोणी करायचा, एवढाच वाद होता. एकमेकांचे वैरी एका गोष्टीवर एकमत असले की ती गोष्ट खरी मानण्याकडे वाचकाचा कल होतो. इथे तसे करणे धोक्याचे आहे, कारण राजा असमर्थ असण्यात दोघांचाही फायदा होता.

तिसरा फायदा इंग्रजांचा होता. रघूजींनी तैनाती फौजेचा तह वर्षानुवर्षे टाळला होता. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांना तो करून हवा होता आणि आप्पासाहेबांना विरोधकांपासून संरक्षण हवे होते. २७ मे १८१६ च्या रात्री तह झाला. नागपूरच्या राज्यावर सहा पलटणी आणि घोडदळाच्या एका रेजिमेंटचा बोजा पडला. खर्चापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे ठरले. परसोजी कारभाराला समर्थ असते, तर आप्पासाहेबांच्या सहीला किंमत नसती. ते असमर्थ असल्यामुळे ती सही राज्याला बांधून गेली. म्हणजे वेडेपणाचा शेरा हा या तहाचा पाया होता. ज्यांच्या लिहिण्यातून तो आपल्यापर्यंत आला त्यांचेच हित त्यावर उभे होते. रेसिडेन्सी सीताबर्डीवर होती, राजवाड्यापासून फार लांब नव्हे. तरी राजाची बुद्धी तिथून दिसत होती ती वाड्यातल्या माणसांनी दाखवली तेवढीच.

१८१७ च्या आरंभी आप्पासाहेब काही कामाच्या निमित्ताने नागपूर सोडून आपल्या चांद्याला गेले. १ फेब्रुवारीच्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळले. त्यांच्या पत्नी काशीबाई सती गेल्या. मारेकऱ्यांबद्दल कुजबुज झाली, पण मृत्यू नैसर्गिक धरून आप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब इंग्रजांचे शत्रू ठरले, आणि मग चौकशी होऊन परसोजींचा खून त्यांच्याच सांगण्यावरून झाल्याचा निष्कर्ष जाहीर झाला. खून झाला असावा असे मानायला जागा आहे. आप्पासाहेबांचे नेमक्या वेळी चांद्याला असणेही संशय वाढवते. तरीही मृत्यूबद्दलचे मत राजकारण फिरल्यावर फिरले, हे त्याच माणसाच्या बुद्धीबद्दलचे मत तोलताना विसरता येत नाही.

मे १८१८ मध्ये आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले. त्याच महिन्यात कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याच्या तटाला खिंडार पाडून शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. नागपूरच्या गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी आले आणि १८२६ पर्यंत कारभार जेंकिन्स यांनीच पाहिला.

ज्या वर्षी तैनाती फौजेचा तह झाला, त्या वर्षी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज स्वतः आंधळा आणि भ्रमिष्ट होता. १८११ पासून त्याचा मुलगा रीजंट होता. पण त्याच्या १७८८ च्या आजारात पार्लमेंटच्या समितीने वैद्यांच्या जबान्या घेतल्या होत्या आणि राजाच्या प्रकृतीची पत्रके निघत होती. एवढे कागद असूनही नंतरच्या वैद्यांचे एकमत झाले नाही. १९६६ मध्ये मॅकल्पाइन आणि हंटर यांनी त्याला पोर्फिरिया ठरवला, पुढे अभ्यासकांनी त्यावरही आक्षेप घेतले. परसोजींच्या बाबतीत तर त्यांच्या तोंडचे एक वाक्यही या वर्णनांत नाही. अशा माणसाला आज एखाद्या रोगाचे नाव चिकटवणे म्हणजे निव्वळ तर्क होय.

राजा खरोखर वेडा की वेडा ठरवलेला, हा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा उठला तो कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांवरून. सरकार आणि दिवाण त्यांना वेडे म्हणत होते, तर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांचा छळ होत असल्याची बाजू मांडली. दिवाण बर्वे यांच्या विरुद्ध छापलेली पत्रे बनावट ठरली आणि या पत्रांचे संपादक टिळक-आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चांगला असला तरी पुण्यात बसून कोल्हापूरच्या वाड्यातले खरे कळत नाही, हे या प्रकरणात दिसले. महाराजांचा अंत २५ डिसेंबर १८८३ रोजी नगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर झाला. छळाचा संशय निराधार नव्हता. तो सिद्ध करायला वापरलेला पुरावा खोटा होता.

न तपासता कोणाला वेडे ठरवण्याबाबत वैद्यकाने स्वतःला नियम घातला तो बराच उशिरा. १९६४ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक पात्रतेबद्दल मानसोपचारतज्ज्ञांची मते मागवली. ज्यांनी त्यांना कधी तपासले नव्हते अशा १,१८९ जणांनी ते अपात्र असल्याचे कळवले. गोल्डवॉटर अब्रूनुकसानीचा दावा जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचार संघटनेने नियम केला: स्वतः तपासणी आणि त्या व्यक्तीची संमती यांशिवाय कोणाबद्दलही व्यावसायिक मत द्यायचे नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकाराचे निदान मान्य वैद्यकीय निकषांवरच व्हावे, राजकीय किंवा सामाजिक स्थानावरून होऊ नये, असे ठरवले. मनोविकार आहे एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाकडे ठेवला आहे.