तळघरातला मास्तर आणि सीलबंद पेपर

लॉ एन्ट्रन्सची तयारी करणाऱ्या कुणाचाही फोन हातात घ्या. एका फोल्डरमध्ये मागच्या काही वर्षांचे पेपर असतात, दुसऱ्यात मॉक टेस्ट आणि एका शीटमध्ये तारखेनुसार मांडलेले मार्क. ६१, ६४, ५९, ६८. ‘जुने पेपर सोडव’ हा सल्ला आपल्याकडे इतका घासून गुळगुळीत झालाय, की त्याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही.

पण इतिहास आहे, आणि तो बराच भांडणाचा आहे. एक काळ असा होता, की झालेला पेपर मागणं म्हणजे जवळजवळ चोरी समजली जायची. आणि सरावाने मार्क वाढतात असं म्हणणाऱ्याला भोंदू ठरवलं जायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकिलीशी माझा थेट संबंध नाही. माझी मामेबहीण क्लॅटची तयारी करते आणि आकड्यांचं काही अडलं की मला विचारते. तिचा एक प्रश्न डोक्यात अडकून राहिला: “दादा, मॉकचे मार्क वाढले म्हणजे मला जास्त यायला लागलं, की पेपर फक्त ओळखीचा झाला?” उत्तर शोधताना मी अमेरिकेतल्या एलसॅट या परीक्षेपर्यंत पोचलो. तिथे हाच प्रश्न शिकवणीवाले, सरकारी चौकशी अधिकारी आणि आमदार असे सगळे कित्येक वर्षं चघळत होते.

अभ्यास करून येऊ नका

दुसरं महायुद्ध संपलं आणि परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकी सरकारने उचलला. कॉलेजांवर लोंढेच्या लोंढे आले. लॉ स्कूलांपुढे अडचण अशी, की अर्जदार देशभरातल्या शेकडो कॉलेजांतून येणार. एका कॉलेजातले ७० टक्के दुसऱ्या कॉलेजातल्या ७० टक्क्यांसारखे आहेत हे ठरवायचं कसं? आपल्याकडे वेगवेगळ्या बोर्डांच्या मार्कांवरून जो वाद होतो, तोच हा.

१९४५ मध्ये कोलंबिया लॉ स्कूलच्या प्रवेश विभागाचे प्रमुख फ्रँक बाउल्स यांनी कॉलेज बोर्डाकडे सामायिक परीक्षेची कल्पना मांडली. १९४७ मध्ये लॉ स्कूलांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली एलसॅट झाली. मार्क २०० ते ८०० या मोजपट्टीवर. परीक्षेकडून अपेक्षा एकच होती: लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात हा विद्यार्थी कसे मार्क मिळवील, याचा अंदाज द्यावा.

म्हणून त्यात कायद्याचं ज्ञान विचारलं जात नव्हतं. उतारा वाचून अर्थ लावता येतो का, युक्तिवादातली भेग दिसते का, एवढंच पाहायचं. परीक्षा घ्यायची ती एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएस. सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षाही तीच घ्यायची. या घराण्यातल्या परीक्षांमागे एक ठाम भूमिका होती: ही क्षमता वर्षानुवर्षांत घडते, चार महिन्यांच्या घोकंपट्टीने ती बदलत नाही. शिकवणी लावून फायदा नाही, असं कॉलेज बोर्ड सॅटबद्दल जाहीरपणे सांगत असे.

ही भूमिका टिकवायला सोपी होती, कारण ती तपासण्याची सोयच नव्हती. परीक्षा झाली की पेपर परत घेतला जायचा. आपलं काय चुकलं, बरोबर उत्तर कोणतं, हे विद्यार्थ्याला कधीच कळायचं नाही. घरी यायचा तो फक्त एक आकडा.

तळघर

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्टॅनली कॅप्लन नावाचा एक तरुण राहत होता. वडील प्लंबर, घर ज्यू स्थलांतरितांचं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. सिटी कॉलेजात मार्क उत्तम, पण मेडिकल कॉलेजांनी दार उघडलं नाही. आपण ज्यू आहोत आणि सरकारी कॉलेजातून आलोय, याचा त्यात वाटा होता असं त्याचं मत कायम राहिलं. १९३८ पासून तो आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या घेऊ लागला.

१९४६ मध्ये एका मुलीने त्याला सॅटच्या तयारीसाठी मदत मागितली. कॅप्लनने परीक्षेची माहितीपुस्तिका पाहिली. नमुन्याचे प्रश्न पाहून त्याच्या लक्षात आलं, की हे शिकवता येण्यासारखं आहे. नाकारल्या गेलेल्या माणसाला या परीक्षांचं एक आकर्षणही होतं. आडनाव, बाप, कॉलेज न बघता मार्क देणारी एखादी गोष्ट असेल, तर ती त्याला हवीच होती.

पण पेपर कुठून आणायचे? त्यावर त्याने मोठा मजेशीर उपाय काढला. परीक्षा संपली की तो मुलांना पार्टी द्यायचा. हॉटडॉग खाता खाता मुलं आठवतील ते प्रश्न सांगायची आणि पुढच्या तुकडीसाठी सराव तयार व्हायचा. आपल्याकडे परीक्षा केंद्राबाहेर ‘मेमरी बेस्ड पेपर’साठी जी घाई चालते, तिचा हा आजोबा. पुढे त्याच्या वर्गांत एलसॅटचीही तयारी होऊ लागली.

आता दोन्ही बाजू खऱ्या असणं शक्य नव्हतं. एक तर कॅप्लन फसवत होता, नाही तर परीक्षा घेणारे. १९७० च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने चौकशी सुरू केली. संशय होता तो शिकवणीवाल्यांवर: काम न करणारी वस्तू विकताय का? १९७९ च्या अहवालात चित्र उलटं निघालं. कॅप्लनच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांचे, म्हणजे ज्यांचे सॅटचे मार्क त्यांच्या इतर कामगिरीच्या मानाने कमी होते त्यांचे, शिकवणीनंतर प्रत्येक भागात सुमारे २५ गुण वाढलेले दिसले. ८०० च्या पट्टीवर हा चमत्कार नव्हे, पण शून्यही नव्हे.

आणि इथेच खरी बोच होती. सरावाने मार्क वाढत असतील आणि सरावाचं साहित्य फक्त पैसे भरणाऱ्याला मिळत असेल, तर ती परीक्षा आडनाव बघत नसली तरी पाकीट बघते.

दोन पिरॅमिड

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विधिमंडळात केनेथ लाव्हॅल या सिनेटरने एक विधेयक आणलं. ‘ट्रूथ इन टेस्टिंग’ या नावाने ते ओळखलं जातं. जुलै १९७९ मध्ये गव्हर्नर ह्यू केरी यांनी सही केली आणि १ जानेवारी १९८० पासून कायदा लागू झाला. सार साधं होतं: मार्क दिल्यानंतर ठरावीक मुदतीत प्रश्न आणि बरोबर उत्तरं उघड करा, आणि विद्यार्थ्याने मागितली तर त्याची स्वतःची उत्तरं त्याला दाखवा.

परीक्षा संस्था खवळल्या. एकदा उघड झालेला प्रश्न पुन्हा वापरता येत नाही, खर्च वाढेल, दर्जा घसरेल असे आक्षेप आले. मेडिकल प्रवेशपरीक्षेची संघटना तर कोर्टात गेली आणि तिने स्थगिती मिळवली. एलसॅट आणि सॅटचे पेपर मात्र बाहेर येऊ लागले.

उघड पेपराने काय होतं, ते लगेच दिसलं. ऑक्टोबर १९८० च्या पीसॅट या शाळकरी परीक्षेत एक प्रश्न होता. एका पिरॅमिडचा पाया चौरस आणि चारही बाजू समभुज त्रिकोण. दुसऱ्या ठोकळ्याच्या चारही बाजू तशाच समभुज त्रिकोणांच्या. दोघांचे सारखे त्रिकोण एकमेकांना चिकटवले तर नव्या ठोकळ्याला बाहेरून किती पृष्ठं? पाच आणि चार मिळून नऊ, चिकटलेली दोन वजा, म्हणून सात. अधिकृत उत्तर हेच होतं.

फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याने पाच लिहिलं होतं. आपलं उत्तर चूक ठरल्याचं कळल्यावर त्याने ठोकळे बनवून पाहिले. चिकटवल्यावर शेजारशेजारचे दोन त्रिकोण एकाच पातळीत येतात आणि त्यांचं मिळून एक पृष्ठ होतं. असं दोन ठिकाणी घडतं. सातातून दोन गेले, उरले पाच. कार्डपेपर कापून तुम्हीही करून बघा. ईटीएसला चूक मान्य करावी लागली आणि सुमारे २ लाख ४० हजार विद्यार्थ्यांचे मार्क वाढले.

आम्ही लोक रोज दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासतो. आमच्या धंद्यात एक समज पक्की असते: बग तिथेच लपून राहतो, जिथे कुणाला बघू देत नाहीत.

१२० शक्यता, मग दोन

१९९१ पासून एलसॅट १२० ते १८० या मोजपट्टीवर आली आणि तेव्हापासूनचे उघड झालेले पेपर क्रमांक लावून ‘प्रेपटेस्ट’ म्हणून मिळू लागले. मग सराव ही उघड्यावरची गोष्ट झाली, आणि काय शिकता येतं हेही उघड झालं. सर्वांत ठळक उदाहरण ‘लॉजिक गेम्स’ या भागाचं. तसा एक मी इथे रचतो.

अ, ब, क, ड, इ हे पाच वकील सोमवार ते शुक्रवार रोज एक असे कोर्टात उभे राहतात. अ च्या लगेच दुसऱ्या दिवशी ब. क बुधवारी. इ सोमवारी नाही आणि शुक्रवारीही नाही. एकूण मांडण्या १२०. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. सराव असलेला पाच चौकटी काढतो, बुधवारी क लिहितो. अ-ब ही जोडी आता सोम-मंगळ किंवा गुरू-शुक्र इथेच बसते. मग इ ची जागा आपोआप ठरते. उरतात फक्त दोन मांडण्या: अ-ब-क-इ-ड आणि ड-इ-क-अ-ब. पुढचे सगळे प्रश्न एकेका नजरेत सुटतात.

ही हुशारी उपजत आहे की शिकलेली? दहा गेम्स सोडवलेल्याला हा प्रश्न पडत नाही. (हा भाग ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमध्ये नाही. आकृत्या काढाव्या लागणारी परीक्षा अंध उमेदवारांवर अन्याय करते या दाव्यानंतर २०१९ मध्ये समझोता झाला होता.)

बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत एलसॅटची सुमारे १०० तास तयारी केलेल्या विद्यार्थ्यांच्या मेंदूचे स्कॅन तयारीआधी आणि नंतर घेतले. मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमध्ये बदल दिसले. तयारी न केलेल्या गटात तसे दिसले नाहीत. एका छोट्या अभ्यासावर फार भार टाकू नये, पण ‘ही क्षमता बदलतच नाही’ या जुन्या दाव्याला तो जड जातो.

आता मामेबहिणीचा प्रश्न. जास्त यायला लागलं की पेपर ओळखीचा झाला? दोन्ही होऊ शकतं आणि ते वेगळं काढता येतं. मशीन लर्निंगमध्ये मॉडेलला ज्या डेटावर शिकवलं, त्याच डेटावर त्याची परीक्षा घेत नाहीत. थोडा डेटा आधीच बाजूला झाकून ठेवतात. पेपरांचंही तसंच. चार-पाच पेपर न उघडता ठेवायचे. एकदा सोडवलेला पेपर पुन्हा सोडवून आलेले मार्क शीटमध्ये धरायचेच नाहीत.

दुसरं, एका मॉकवर हसायचं-रडायचं नाही. एलसॅटचा निकालच मार्कांसोबत एक पट्टा देतो, साधारण तीन गुण खाली ते तीन वर. म्हणजे दोन गुणांची चढउतार हा निव्वळ योगायोग असू शकतो. पाच-सहा पेपरांची सरासरी सरकली, तर काही घडलं म्हणायचं.

तिसरं सर्वांत कंटाळवाणं, आणि सर्वांत कामाचं. उत्तरतालिका उघडण्याआधी शंका असलेले प्रश्न वेळ न लावता पुन्हा सोडवायचे. आता बरोबर आलं तर अडचण वेगाची होती. पुन्हा चुकलं तर समजण्याची. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत, आणि एकूण मार्कांचा आकडा हा फरक कधीच सांगत नाही.

आपले पेपर

आपल्याकडे सात राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी मिळून २००८ मध्ये पहिली क्लॅट घेतली. २०२० पासून ती उताऱ्यांवर आधारित झाली, म्हणजे पाठांतरापेक्षा वाचनाकडे झुकली. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या एका प्रकरणात निर्णय दिला, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षार्थीचा माहिती अधिकारातला हक्क आहे. न्यूयॉर्कने कायदा करून जे दिलं, त्याच जातीचं काहीतरी आपल्याला कोर्टातून मिळालं.

आणि पिरॅमिडची गोष्ट इथेही घडली. डिसेंबर २०२४ मध्ये क्लॅटच्या उत्तरतालिकेवर एक उमेदवार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. दोन उत्तरं चुकीची असल्याचं न्यायालयाने मान्य केलं आणि निकाल सुधारायला सांगितला. प्रकरण पुढे खंडपीठाकडे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वकील व्हायला निघालेल्या मुलांचा पहिला खटला त्यांच्याच प्रवेशपरीक्षेवर झाला. पेपर आणि तालिका उघड नसती, तर तो उभाच राहिला नसता.

भाषेचा मुद्दा मात्र शिल्लक आहे. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. महाराष्ट्राची लॉ सीईटी २०१६ पासून होते आणि ती मराठीतही देता येते. पण नुसता पेपर हाती येणं ही अर्धीच गोष्ट. तिसरा पर्याय चूक का आणि दुसरा बरोबर का, हे समजावणारं साहित्य इंग्रजीत भरपूर आहे, मराठीत त्या मानाने तुटपुंजं. सरावाचे मार्क वाढतात ते या ‘का’मुळे. एखाद्या तालुक्याच्या गावात मराठीतून पदवी घेतलेल्या मुलीसाठी तो ‘का’ आजही तळघरातच आहे, आणि तळघराला फी आहे.

मागच्या महिन्यापासून मी आणि मामेबहीण एक काम करतोय. ती सोडवते त्यातल्या तर्काच्या प्रश्नांची स्पष्टीकरणं आम्ही मराठीत लिहून ठेवतो, चुकीच्या तीनही पर्यायांसकट. आतापर्यंत ४३ झालीत. लिहिताना तिचा वेग मंदावतो, त्यामुळे मॉक कमी होतात. पण झाकून ठेवलेला एक पेपर आम्ही परवा उघडला, आणि सरासरी सरकली आहे का हे कळायला अजून चार पेपर बाकी आहेत.