लेकराचे गाल फुगले ते बाळसं नव्हे! इसबाच्या मलमात लपलेलं स्टिरॉइड कसं ओळखायचं

लासूर स्टेशन : आठवडी बाजाराला माणूस कांदा घेऊन येतो, जनावरं बघतो आणि जाताना घरच्यांनी सांगितलेलं किडूकमिडूक पिशवीत टाकून जातो. त्यात कधी लेकराच्या अंगावरच्या पुरळासाठी मलमाची एखादी डबीही असते. वर पानाफुलाचं चित्र, खाली "शंभर टक्के जडीबुटी". कुणी बनवली, कधी बनवली, आत काय आहे, यातलं काहीच नाही.

अशी एक डबी माझ्या भाचीच्या घरी आली होती. बाळ चार महिन्यांचं. गालावर आणि कोपराच्या घडीत लाल चट्टे, रात्रभर अंग घासायचं आणि रडायचं. मलम लावलं आणि तिसऱ्या दिवशी कातडी साफ! घरात सगळे खूश. पण लावणं बंद केलं की आठ दिवसांत चट्टे दुप्पट जोरानं परत. मग रोज लावायचं सुरू झालं, ते दोन महिने चाललं. गाल भरले, तोंड गोल झालं. बाळसं धरलं म्हणाले सगळे, मीही म्हणालो. वजन छान भरत होतं. उंची मात्र दोन महिने जवळपास तिथंच होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. कपाळावर आणि पाठीवर लव दाट झाली तेव्हा भाचीला शंका आली. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासायच्या आधी विचारलं, "अंगाला काय लावता? ते आणलंय का?"

स्टिरॉइड म्हणजे नेमकं काय

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. ती कॉर्टिसोल नावाचा रस बनवते. ताप, जंतुसंसर्ग, उलट्या, ऑपरेशन अशा संकटात शरीराला तोच रस तारतो. मलमातलं स्टिरॉइड हे त्याच जातीचं, माणसानं बनवलेलं औषध. सूज, लाली आणि खाज ते झटक्यात दाबतं, पण इसब मुळातून जात नाही.

लहान बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा असतो. म्हणून मोठ्या माणसापेक्षा बाळाच्या रक्तात मलम जास्त उतरतं. जांघेत लावून वरून प्लास्टिकचं डायपर घट्ट बांधलं तर आणखीच. शेजारच्या शेतातून आयतं पाणी यायला लागल्यावर आपण आपल्या विहिरीवरची मोटर चालू करतो का? ती तशीच पडून गंजते. बाळाच्या ग्रंथीचं तेच होतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की ती स्वतःचा रस बनवणं कमी करते.

मग तोंड चंद्रासारखं गोल होतं, वजन वाढतं पण उंची थांबते, अंगावर केस येतात, रक्तदाब वाढतो, प्रतिकारशक्ती घटते. जिथं लावलं तिथली कातडी पातळ होऊन खालच्या शिरा दिसायला लागतात. डॉक्टर याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात.

हे लपवलेलं असतं, म्हणून जास्त वाईट

चीनच्या फुजियान प्रांतातलं झांगझोऊ शहर. जानेवारी २०२१ मध्ये तिथलं प्रकरण जगभर गाजलं. पाच महिन्यांच्या बाळाचं डोकं-तोंड फुगलं, अंगावर केस वाढले. कारण निघालं इसबासाठी लावलेलं बाळांचं क्रीम. ते जंतुनाशक म्हणून विकलं जात होतं, आणि तपासणीत त्यात क्लोबेटासोल सापडलं. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. साध्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पट कडक. एक वर्षाखालच्या बाळाला ते द्यायचंच नसतं.

इंग्लंडातही असंच. लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ११ चिनी जडीबुटी क्रीम तपासली, ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं. बर्मिंगहॅममध्ये २००३ साली इसब झालेल्या मुलांच्या घरून २४ "हर्बल" मलमं गोळा केली, २० मध्ये स्टिरॉइड.

आपल्याकडचं अकोल्याचं प्रकरण स्टिरॉइडचं नव्हतं, पाऱ्याचं होतं. तरी आठवण ठेवावी. गोरं होण्याच्या क्रीममुळे एकाच घरातल्या मायलेकी अशा तिघींच्या किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं तेव्हा कारण कळलं. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे आली होती.

प्रत्येक डबीत स्टिरॉइड असतंच असं माझं म्हणणं नाही. पण ते डोळ्यानं किंवा वासानं कळत नाही, त्याला लॅबच लागते. घरबसल्या एकच खूण : जुनं इसब दोन-तीन दिवसांत गायब आणि बंद केल्यावर दुप्पट, असं झालं तर संशय घ्या.

मेडिकलमधली ट्यूबही बघून घ्या

नायटा, खाज, गजकर्ण या सगळ्यावर चालणाऱ्या ज्या मिश्र ट्यूब असतात, त्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असतं. मोठ्या माणसासाठी आणलेली तीच ट्यूब घरात बाळाला लागते. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारनं २०१८ मध्ये कडक केला. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यातही अशी त्वचेची मलमं होती. तरी काउंटरवर नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की आजही मिळते, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात अक्षरं मोठी करून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यातलं नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाला लावू नका. पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, मुदत यातलं काही नसेल तर ती डबी घेऊच नका.

लावून झालं असेल तर

घाबरून एकदम बंद करू नका. ग्रंथी झोपलेली असते. अचानक बंद केलं आणि त्यात ताप किंवा जुलाब लागले तर बाळ गळून जाऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. आठवड्यांमागून आठवडे लावलं असेल तर डबी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. औषध टप्प्याटप्प्यानं कसं कमी करायचं ते तेच सांगतील. बाळ दूध ओढत नसेल, सारख्या उलट्या करत असेल, सुस्त पडलं असेल तर थांबू नका. गंगापूर, वैजापूर किंवा घाटी, जे जवळ असेल ते गाठा.

आणि उलटी भीतीही नको. डॉक्टर कधी कधी इसबाला सौम्य स्टिरॉइड थोड्या दिवसांसाठी देतात. ते मोजून दिलेलं असतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

इसबाचं खरं काम मात्र ओलावा टिकवण्याचं. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली. दिवसातून दोन-तीनदा. डाळीच्या पिठानं घासू नका, धुरी देऊ नका, कपडे सुती घाला, नखं कापा. आजीबाईंशी वाद होईल, तो आमच्याही घरी झाला.

संशयास्पद मलमाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री नंबरवर करता येते. औषधाचा त्रास झाल्याची नोंद १८००-१८०-३०२४ वर होते. डबी फेकू नका, तपासणीला तीच लागते. भाचीनं पहिली डबी संपल्यावर उकिरड्यावर टाकली होती, दुसरी अर्धी शिल्लक होती म्हणून डॉक्टरांना दाखवता आली. बाळाचं मलम डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू सुटलं. गाल उतरायला काही महिने गेले. आता दर महिन्याला वजनासोबत उंचीही वहीत लिहितात.