हलकी सायकल, जड सायकल : उपनगरांतील एका वस्तूचा इतिहास

मराठीत सायकलीला ‘पायगाडी’ असा एक शब्द होता. तो फारसा रुजला नाही. ‘दुचाकी’ हा शब्द रुजला खरा. परंतु पुढे स्कूटर आणि मोटारसायकल यांनी तो सायकलीकडून काढून घेतला. आज वर्तमानपत्रात ‘दुचाकीस्वार जखमी’ असे वाचल्यावर सायकलस्वार डोळ्यांसमोर येत नाही. शब्दाच्या या स्थलांतरात एका वाहनाची सामाजिक घसरण नोंदली गेली आहे. ही घसरण पूर्ण झाली असे वाटत असतानाच तेच वाहन एका नव्या, महागड्या अवतारात परत आले. डोंगरवाटांवरच्या शर्यतींसाठी घडवलेली कार्बनची ‘हार्डटेल’ सायकल हा त्या अवताराचा एक टोकाचा नमुना. तिच्या नावाला मराठी प्रतिशब्द नाही, आणि तो घडवण्याची निकड कोणाला भासलेलीही नाही. किमतीचा आकडा मात्र सहज लाखांच्या घरात जातो.

या सायकलीच्या पुढच्या चाकाला धक्के शोषणारी यंत्रणा असते, मागच्या चाकाला नसते. मागचा भाग ताठ राहतो म्हणून ती हार्डटेल. मागे हलणारे सांधे नसल्यामुळे वजन वाचते आणि पायांनी लावलेला जोर चढावर वाया न जाता चाकापर्यंत पोहोचतो. मागून येणारे धक्के स्वाराने आपल्या गुडघ्यांनी सोसायचे, हा त्यातला व्यवहार. संपूर्ण सायकलीचे वजन नऊ-दहा किलोच्या आसपास भरते; नुसता सांगाडा एक किलोच्या जवळपास. याउलट, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली काळी, उंच दांड्याची, लोखंडी सायकल साधारण वीस किलोंची. या दोन आकड्यांमधल्या दहा किलोंचा इतिहास तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वजन कमी होते तेव्हा ते नेमके कोणाचे कमी होते, हा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे.

मुंबईच्या सायकल-इतिहासातील पहिली मोठी घटना जड सायकलीवरच घडली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला. सुमारे ७१ हजार किलोमीटर अंतर तोडून ते मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांचे इंग्रजी प्रवासवर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले. इराण, इराक, सीरिया आणि सिनाईची वाळवंटे त्यांनी ज्या यंत्रावर पार केली त्याला ना गिअर होते, ना धक्के झेलणारी योजना. साम्राज्याच्या राजधान्यांत वसाहतीतील माणूस स्वतःच्या पायांच्या बळावर पोहोचतो, या गोष्टीला त्या काळात निश्चित अर्थ होता. मात्र ज्या सायकलीवर हा पराक्रम घडला ती तेव्हा परदेशातून येणारी वस्तू होती. ती येथे बनू लागली तेव्हा तिच्याभोवतीचा अर्थ बदलला.

वरळीची हिंद सायकल्स ही देशी सायकल-उद्योगातील आरंभीची एक कंपनी. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर, आसनसोल, सोनीपत आणि लुधियाना येथे कारखाने उभे राहिले, आणि सायकल ही स्वयंपूर्णतेची खूण ठरली. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन आजारी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. वरळीचा कारखाना सरकारी महामंडळाकडे गेला आणि पुढे बंद पडला. गिरण्यांच्या अस्तावर मराठीत कथा, कविता, नाटके लिहिली गेली. त्याच परिसरातल्या या कारखान्याच्या वाट्याला तेवढे साहित्य आले नाही.

कारखाना शहरात असला तरी सायकलीचे खरे राज्य उपनगरांत होते. रेल्वेने उपनगरे जोडली, पण स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर रेल्वे तोडत नव्हती. त्या अंतरात पाववाला, दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन आणि डबेवाला यांची सायकल होती. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाहतुकीत सायकलीचे काम मधले आहे. अंधेरी, बोरिवली किंवा घाटकोपरच्या इमारतींतून डबे गोळा करायचे, ते हँडलला आणि कॅरियरला अडकवून स्थानक गाठायचे, आणि पुढे लोकलच्या मालडब्यात चढवायचे. एकेका डबेवाल्याकडे साधारण तीस-चाळीस डबे. हा भार सायकलीच्या स्वतःच्या वजनाहून दुपटीने-तिपटीने अधिक भरतो. अशा वापरात सायकल हलकी असण्याला काही मोल नाही. तिने वाकू नये, उभी केल्यावर कलंडू नये आणि बिघडली तर कोपऱ्यावर दुरुस्त व्हावी, एवढीच अपेक्षा. जडपणा हा त्या सायकलीचा दोष नव्हता. श्रमाच्या हिशेबाने बसवलेला तो गुण होता.

या श्रमजीवी सायकलीचा आणि अंधेरीचा एक वेगळा संबंधही नोंदवला पाहिजे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. भिंतींवर पोस्टरे चिकटवण्याची नोकरी टिकवायची तर सायकल हवी, आणि नेमकी तीच चोरीला जाते, एवढेच त्याचे कथानक. तो पाहून प्रभावित झालेल्या बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ साली आला. पुढे अंधेरीचा मोहन स्टुडिओ हे त्यांच्या संस्थेचे ठिकाण झाले. रोममधली सायकल कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसाने ओढायची रिक्षा झाली. वाहन बदलले, पण उपजीविका एका यंत्रावर आणि दोन पायांवर तोललेली असते हे सूत्र तेच राहिले. मराठीत २०१८ साली प्रदर्शित झालेल्या प्रकाश कुंटे यांच्या ‘सायकल’ या चित्रपटातही सायकलीची चोरीच आहे. मात्र तिथे चोरीला जाते ती प्रामुख्याने माणसाची जिव्हाळ्याची वस्तू. पासष्ट वर्षांत सायकल अन्नाकडून आठवणीकडे सरकली, असे या चित्रपटांवरून म्हणता येईल.

आता हलक्या सायकलीची वंशावळ पाहू. ती उच्चभ्रू क्रीडाप्रकारातून आली असावी, असा आपला सहज समज होतो. प्रत्यक्षात तिचा जन्म भंगारातून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून वेगाने खाली येण्याचा खेळ खेळू लागले. या सायकलींचा मूळ वापर अमेरिकन गल्ल्यांतून वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांचा. वजन वीस किलोंच्या पुढे, आणि ब्रेक पायडल उलटे फिरवून लागणारा. उतार संपेपर्यंत ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराला आणि तिथल्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. त्या टोळीतील जो ब्रीझ याने या खेळासाठी खास सांगाडा घडवला. टॉम रिची याने घडवलेले सांगाडे घेऊन गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली धंदा सुरू केला. १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली डोंगरी सायकल बाजारात आली. १९९० मध्ये पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीला स्थान मिळाले. वीस वर्षांत पेपरवाल्या पोराची सायकल ऑलिम्पिकला पोहोचली. वजनाची काटछाट हा या वीस वर्षांचा मुख्य उद्योग होता.

पोलादाची जागा ॲल्युमिनियमने घेतली आणि ॲल्युमिनियमची कार्बन तंतूंनी. हे तंतू सायकलीसाठी जन्मले नव्हते. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन याने प्रयोगशाळेत अत्यंत मजबूत कार्बन तंतू मिळवले. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये अकिओ शिंदो याने कृत्रिम धाग्यापासून ते बनवण्याची वाट दाखवली, आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्राने ती पद्धत पुढे नेली. धागा प्राणवायूच्या अभावी तापवायचा, म्हणजे तो जळत नाही आणि जवळजवळ निव्वळ कार्बन मागे उरतो. या तंतूंचे राळेत भिजवलेले थर साच्यात एकावर एक रचून सांगाडा घडवतात. तंतूंची दिशा जशी ठेवावी तशी ताकद मिळते : पायडलाशी ताठपणा, बैठकीखाली थोडी लवचीकता. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सचा ज्यूलियां आब्सालों अशाच कार्बन हार्डटेलवर जिंकला. चारच वर्षांनी लंडनमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावी याने मागेही धक्काशोषक असलेल्या सायकलीवर सुवर्णपदक मिळवले, आणि शर्यतींचे मार्ग खडतर होत गेले तशी हार्डटेलची सद्दी ओसरू लागली. आपल्या मध्यमवर्गाकडे ही सायकल पोहोचेपर्यंत तिच्या मायभूमीत तिचे सर्वोच्च दिवस संपत आले होते.

भारतात या बाजाराची सुरुवात साधारण २००५ पासून मोजता येईल. फायरफॉक्स ही कंपनी त्या वर्षी सुरू झाली आणि हिमाचलातील ‘एमटीबी हिमालया’ ही शर्यतही त्याच वर्षीची. पुढे २०१५ मध्ये, काळ्या लोखंडी सायकलीवर मोठ्या झालेल्या हीरो सायकल्सने फायरफॉक्स विकत घेतली. महाराष्ट्राला चढावाची शर्यत नवी नव्हती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. पण ती शर्यत हमरस्त्यावरची, सार्वजनिक, रस्त्याकडेला उभे राहून कोणालाही पाहता येणारी. नव्या सायकलीला हमरस्ता नको होता, रान हवे होते.

येथे उपनगरांचा भूगोल आडवा येतो. बोरिवली ते मुलुंड या पट्ट्याच्या मधोमध सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. डोंगरी सायकलीसाठी याहून जवळचे रान नाही. परंतु ते वन्यजीव संरक्षण कायद्याखालील क्षेत्र आहे. आतल्या पायवाटांवर परवानगीवाचून जाता येत नाही. प्रवेशद्वाराशी भाड्याने मिळणाऱ्या साध्या सायकली कान्हेरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर चालतात. म्हणून कार्बनची हार्डटेलही पहाटे आरे वसाहतीच्या डांबरी रस्त्यावरच धावताना दिसते. आरे वसाहत १९४९ साली शहरातले गोठे हलवून वसवली गेली. तिथून दूध निघाले आणि ते सायकलीवर घरोघर पोहोचले. त्या वसाहतीतले वारली पाडे मात्र वसाहतीच्याही आधीचे. दुधाची सायकल, पाड्यावरची सायकल आणि शर्यतीची सायकल या तिन्ही एकाच रस्त्यावर येतात, पण पहिल्या दोहोंना ‘सायकलिंग’ हा शब्द कोणी लावत नाही.

हा भेद शब्दापुरता राहिला असता तर फारसे बिघडले नसते. तो नियोजनातही उतरला. पवई तलावाच्या काठाने सायकल आणि धावण्यासाठी मार्ग बांधण्याचा महापालिकेचा प्रकल्प मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. पाणथळ जागेचे आणि मगरींच्या अधिवासाचे काय, हा तिथला प्रश्न होता. त्याहून गुंतागुंतीची गोष्ट तानसा जलवाहिनीची. मुलुंडपासून घाटकोपरमार्गे शीव-धारावीच्या दिशेने जाणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडेने सुमारे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची वस्ती हटवण्याचे न्यायालयाचे आदेश त्याआधीचे होते. हटवलेल्या अनेक कुटुंबांना माहुल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घरे देण्यात आली. तिथल्या हवेविरुद्ध त्यांनी दीर्घ आंदोलन केले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हणत पर्यायी घर किंवा दरमहा भाडे देण्याचा आदेश दिला. वस्ती सायकलमार्गासाठी उठवली असे म्हणणे चूक ठरेल, कारण ती पाण्यासाठी उठली. पण मोकळ्या झालेल्या जागेवर कोणाच्या फुरसतीचे चित्र रेखाटायचे याचा निर्णय झाला, तेव्हा त्या जागेवर राहून सायकलीने कामाला जाणारा माणूस चित्राबाहेर होता.

दुरुस्तीचीही अशीच कथा. लोखंडी सांगाडा वाकतो. तो तापवून सरळ करता येतो, तुटला तर डागता येतो. हे ज्ञान तासावर सायकली भाड्याने देणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे होते, आणि त्याच्या हाताखाली ते पुढच्या पोराकडे जात असे. कार्बनचा सांगाडा मार बसल्यावर वाकत नाही, तडकतो. तड कित्येकदा आतल्या थरांत राहते, डोळ्यांना दिसत नाही. तिची दुरुस्ती होऊ शकते, पण ती विशेषज्ञाच्या हाती. सायकल हलकी झाली तसे तिच्याभोवतीचे पंक्चर, तारा, चेन आणि वंगण यांचे गल्लीतले जगही विरळ झाले.

याचा अर्थ हलक्या सायकलीचा धिक्कार करावा असा नाही. स्वतःच्या श्वासावर चढ चढून जाण्यातला आनंद खरा आहे, आणि तो मिळवणाऱ्या माणसाने शहराची हवा तरी बिघडवलेली नसते. मुद्दा वस्तूच्या इतिहासाचा आहे. पेपर टाकणाऱ्या मुलाची सायकल हा या कार्बनी यंत्राचा मूळपुरुष. तिचे दूरचे भाऊबंद आजही घाटकोपर आणि अंधेरीच्या गल्ल्यांत पहाटे पाव पोहोचवतात, आणि करोनानंतर संख्या रोडावली तरी डबेही वाहतात. वस्तूंकडून साहित्याकडे जाऊ पाहणाऱ्या अभ्यासकाने या दोन सायकली एकाच प्रकरणात वाचाव्यात. कमी झालेले दहा किलो एका बाजूने विज्ञानाचे यश आहे, आणि दुसऱ्या बाजूने ते सायकलीवरून उतरवलेल्या ओझ्याचे माप आहे. ते ओझे शहरातून नाहीसे झालेले नाही. ते वाहणाऱ्याला आपण सायकलस्वार म्हणायचे सोडून दिले आहे, इतकेच.